लाकूड-गॅसिफिकेशन बॉयलरचे नोझल: झीज कुठून येते आणि ती कशी रोखायची

चेक प्रजासत्ताकात प्लझेनपासून तासाभराच्या अंतरावर, शुमावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आमचे जुने दगडी घर आहे. जानेवारीत बाहेर उणे दहा, आणि तळघरात २५ किलोवॉटचा लाकूड-गॅसिफिकेशन बॉयलर. घर घेतले तेव्हा आधीच्या मालकांनी बॉयलर दाखवता दाखवता एक जाड लोखंडी सळई माझ्या हातात दिली आणि म्हणाले, नोझल तुंबले की हिने मोकळे करायचे. मी दोन हिवाळे ते इमानेइतबारे केले. तिसऱ्या हंगामाच्या आधी आत बॅटरी मारून पाहिले, तर नोझलच्या फटीची एक कड करंगळीएवढी खचली होती आणि दुसरीची खपली निघाली होती. नवे नोझल आणावे लागले. हा लेख त्या दुसऱ्या नोझलच्या जिवावर लिहितो आहे.

आधी हे नोझल करते काय, ते थोडक्यात. आपल्या चुलीत जाळ खालून वर जातो. या बॉयलरात उलटे असते. वरच्या कप्प्यात लाकूड असते, तिथे मुद्दाम थोडीच हवा सोडतात. लाकूड पेटून संपत नाही, तापून त्याचा वायू होतो आणि खाली निखाऱ्यांचा थर उरतो. पंखा हा वायू त्या निखाऱ्यांमधून खाली ओढतो आणि मधल्या फटीतून, म्हणजे नोझलमधून, खालच्या कप्प्यात नेतो. फटीतच दुय्यम हवा मिळते आणि वायू खऱ्या अर्थाने तिथे पेटतो. आजीच्या चुलीला शेजारी वैल असायचा, चुलीतला जाळ तिकडे वळून भात शिजवायचा. खालचा कप्पा हा असाच एक वैल, फक्त जाळ हजार ते बाराशे अंश सेल्सिअसचा आणि तोंड खाली.

नोझल लोखंडाचे नसते, रिफ्रॅक्टरी काँक्रीटचे असते. उष्णता ते आरामात सोसते. त्याला सोसत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत: ठोसा, अचानक तापणे-थंडावणे, आणि राखेतला क्षार. बहुतेक नोझले जाळाने मरत नाहीत, त्यांचे मालक त्यांना मारतात. आणि मारण्याची वेळ येते ती लाकडामुळे. ओले किंवा मातीने माखलेले लाकूड, त्यामुळे तुंबलेली फट, त्यामुळे सळई, त्यामुळे तुटलेली कड: ही सगळी साखळी आहे. ती पहिल्या कडीलाच तोडायची.

पायरी १: माप घ्या, फोटो काढा

हंगाम सुरू होण्याआधी, बॉयलर पूर्ण थंड असताना, फट साफ करून तिची रुंदी तीन ठिकाणी मोजा: दोन टोके आणि मध्य. कॅलिपर आत नीट जात नाही, म्हणून मी प्लायवूडचा एक तुकडा नव्या नोझलच्या फटीइतका कापून ठेवला आहे. दर वर्षी तो फटीत घालून पाहतो. तो किती हलतो त्यावरून झीज कळते. शेजारी पट्टी ठेवून वरून एक फोटो आणि खालच्या दारातून एक. स्मरणशक्तीवर विसंबू नका. झीज इतकी सावकाश होते की रोज पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

नोझलवर केसासारखे तडे दिसले तर घाबरू नका. काँक्रीट तापून-थंडावून असे तडे जातातच आणि त्यांनी काम अडत नाही. कड कशी आहे ते पाहा. कड धारदार असली तर सगळे ठीक. ती गोल झाली, खाचे पडले, पृष्ठभाग काचेसारखा चकाकू लागला, तर पुढच्या पायऱ्या जरा मन लावून वाचा.

पायरी २: सरपण

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण बाकी सगळे यावर उभे आहे.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते. बॉयलरची माहितीपुस्तिका साधारण १५ ते २० टक्के ओलावा मागते. म्हणजे फोडलेल्या लाकडाला छपराखाली, वारा खेळेल अशा रचणीत, निदान दोन उन्हाळे. बीच आणि ओक यांना दोन, कधी तीन. स्प्रूस (देवदारासारखे सूचिपर्णी झाड) त्याहून लवकर वाळतो. हिशेब सोपा आहे. २५ किलोचा भरणा ३० टक्के ओला असेल तर त्यात साडेसात लिटर पाणी आहे. १५ टक्के असेल तर पावणेचार. ते जास्तीचे पाणी उकळण्यात जी उष्णता जाते ती निखाऱ्यांच्या थरातून जाते, थर काळवंडतो, डांबर धरते आणि फट चिकट कोळशाने बुजते.

ओलावा मोजायच्या यंत्राबद्दल एक फसगत सांगतो. दोन सुया टोचणारे यंत्र जो आकडा दाखवते तो कोरड्या लाकडाच्या वजनावर काढलेला असतो. पुस्तिकेतला आकडा पुष्कळदा ओल्या, म्हणजे एकूण, वजनावरचा असतो. एकूण वजनाच्या २० टक्के पाणी म्हणजे यंत्रावर २५. शेजारच्या जर्मनीत कायद्याने सरपणाला २५ टक्क्यांखाली ओलावा लागतो, तो याच कोरड्या वजनावरच्या हिशेबाने. सुया ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला टोचू नका. ओंडका फोडा आणि ताज्या फुटलेल्या अंगाच्या मधोमध टोचा. बाहेरून १४ दाखवणारे लाकूड आतून २८ निघालेले मी पाहिले आहे.

लाकूड फार कोरडे असले तरी बरे नव्हे. सुतारकामाच्या कारखान्यातले भट्टीत वाळवलेले तुकडे आठ-दहा टक्क्यांचे असतात आणि बारीकही असतात. नुसते तेच भरले तर वायू एकदम सुटतो, जाळ अंगात आल्यासारखा करतो आणि नोझलची कड गरजेपेक्षा जास्त तापते. ते पेटवायला वापरा, किंवा जाड फोडींत थोडे थोडे मिसळा. फोडींची जाडी दहा-पंधरा सेंटिमीटर ठीक असते.

आता मातीविषयी, कारण हे कोणी सांगत नाही. २०१८ च्या सुमारास इथल्या स्प्रूसच्या जंगलांवर खोडकिड्याची प्रचंड साथ आली. वाळलेली झाडे मिळेल त्या भावाला निघाली. आम्हीही घेतली. लाकूड वाईट नव्हते, पण ते जंगलातून जमिनीवरून ओढत आणलेले. सालीत वाळू आणि चिखल ठासून भरलेला. त्या हिवाळ्यात नोझलवर काळपट, काचेसारखे गोळे जमू लागले. वीटभट्टीजवळ वाढलेल्याला ते लगेच ओळखू आले असते: खंगर. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये नोकरी केलेल्यालाही.

हे होते कसे? स्वच्छ लाकडाच्या राखेत मुख्यतः चुना असतो आणि थोडे पोटॅशियम. ती राख भुसभुशीत राहते आणि पंख्याच्या ओढीने खाली निघून जाते. वाळू म्हणजे सिलिका. एकटी सिलिका वितळायला १७०० अंश लागतात, पण पोटॅशियम जोडीला आले की दोघे मिळून आठशेच्या आतही वितळू लागतात. नोझल त्याहून कितीतरी गरम असते. मग ही काच फटीच्या कडेला चिकटते, काँक्रीटच्या आत मुरते आणि थंड होऊन निघताना काँक्रीटची खपली घेऊन जाते. खोडाच्या लाकडात राख अर्धा टक्काही नसते. सालीत ती तीन ते पाच टक्के असते, शिवाय वाळू सालीतच अडकते. म्हणून चिखलाची साल कुऱ्हाडीने काढून टाका, निदान कडक ब्रशने झाडा. ओंडके फोडायची जागा फळ्यांची किंवा फरशीची करा, मातीवर फोडू नका. ही एक सवय कुठल्याही मलमापेक्षा नोझलला जास्त जगवते.

खिळेही तसेच. जुन्या पॅलेट, दारे-खिडक्या, कुंपणाच्या फळ्या जाळल्या की खिळे निखाऱ्यांतून थेट फटीत येऊन बसतात. तापलेल्या लोखंडाचा गंज सिलिकेशी जुळून बाराशे अंशांच्या आसपास वितळणारा पदार्थ करतो, तेवढे तापमान तिथे असतेच. रंगवलेले लाकूड आणि चिपबोर्ड तर जाळूच नयेत. नोझल राहू द्या बाजूला, धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो.

पायरी ३: पेटवणे आणि भरणे

आदल्या दिवसाचा कोळसा काढून टाकू नका. तो हलक्या हाताने सारखा करा, बारीक राख फटीतून खाली पडू द्या आणि कोळशाचा दोन-तीन बोटे जाड थर नोझलच्या अंगावर राहू द्या. हा थर म्हणजे नोझलची गादी. वरून पडणाऱ्या लाकडाचा धक्का तो खातो आणि पहिल्या जाळाचा चटका काँक्रीटला सावकाश पोचवतो. घासूनपुसून लख्ख केलेला वरचा कप्पा दिसायला छान दिसतो, नोझलला मात्र तो उघडे पाडतो.

पेटवताना सुरुवातीची झडप उघडी ठेवा, म्हणजे धूर थेट धुराड्यात जाईल. काटक्या, त्यावर मनगटाएवढ्या फोडी. निखाऱ्यांचा चांगला थर झाल्याशिवाय झडप बंद करायची घाई करू नका. झडप लवकर बंद केली की थंड, धुरकट, ओला वायू थंड नोझलमधून जातो आणि तिथे डांबर बसते. मग ते काढायला हात सळईकडे जातो.

मोठे ओंडके हाताने ठेवा. वरून टाकू नका. दहा किलोचा बीचचा ओंडका अर्ध्या मीटरवरून नोझलच्या तोंडावर पडला तर काय होते, ते मी पैसे मोजून शिकलो आहे. फोडी लांबीला समांतर, घट्ट पण न अडकणाऱ्या अशा रचा. वाकड्या फांद्या आडव्या अडकल्या की वर कमान तयार होते, खाली पोकळी राहते आणि नोझलवर निखाराच उरत नाही. पंख्याची हवा मग थेट काँक्रीटवर झोत टाकते.

चालू बॉयलरचे वरचे दार उघडायचे असेल तर आधी सुरुवातीची झडप उघडा, थोडे थांबा, मग दार बोटभर फटीने उघडून आणखी थांबा. आत पेटता वायू असतो, दार एकदम उघडले की भडका तोंडावर येतो. खालचे दार मात्र जाळ चालू असताना उघडूच नका. थंड हवेचा लोट तापलेल्या काँक्रीटवर आदळतो. नोझलमधले मोठे तडे पुष्कळदा असेच पडलेले असतात, ‘जाळ कसा दिसतो ते बघू’ म्हणताना.

पायरी ४: सळई कोपऱ्यात ठेवा

फट तुंबली असे वाटले तर आधी खात्री करा. तुंबलेली नसते, वर कमान झालेली असते, असे निम्म्या वेळा होते. बॉयलरसोबत आलेल्या खोऱ्याने वरचे लाकूड हलवा, कमान मोडा. तरीही ओढ नसेल तर सुक्या लाकडाची जाड काठी घ्या आणि तिने फटीवरचा कोळसा बाजूला सारा. काठीचे टोक जळेल, जळू द्या. काँक्रीटला ती ओरखडत नाही. खंगर चिकटलेला असेल तर गरम असताना त्याच्या नादी लागू नका. बॉयलर थंड होऊ द्या. काच आणि काँक्रीट वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे सकाळी तो पुष्कळदा बोटानेच सुटतो. नाही सुटला तर राहू द्या. छिन्नी-हातोडी लावून काढलेला खंगर नोझलचा तुकडा घेऊनच येतो.

पायरी ५: हवा आणि धुराडे

जास्त प्राथमिक हवा, म्हणजे वरच्या कप्प्यात सोडलेली हवा, दिली की तो कप्पा गॅसिफायर न राहता साधी शेगडी होतो. वायू वेगाने सुटतो, झोत जोरात आणि फार गरम, आणि त्यात उडणारी राख फटीची कड वाळूच्या कागदासारखी घासते. मालक मात्र खूश असतो, कारण पाणी लवकर तापते! बॉयलरला जाळ पाहायची काच असेल तर तिच्यातून पाहा: फिकट पिवळा ते नारिंगी, स्थिर जाळ हवा. काळसर आणि लांबलेला जाळ म्हणजे दुय्यम हवा कमी. आखूड, घुमणारा, आवाज करणारा म्हणजे हवा जास्त. काच नसेल तर धुराचे तापमान बघा. नेहमीच्या स्थिर चालीत ते किती असते ते लिहून ठेवा, आणि त्यात फरक पडला तरच झडपांना हात लावा, तोही एका वेळी एकाच झडपेला.

धुराड्याची ओढ लोक विसरतात. उंच धुराडे कडाक्याच्या थंडीत वाजवीपेक्षा जास्त ओढते आणि पंखा बंद असतानाही जाळ खेचत राहते. पुस्तिकेत ओढीचा आकडा पास्कलमध्ये दिलेला असतो. धुराडे साफ करणाऱ्याकडून एकदा मोजून घ्या आणि जास्त निघाली तर ओढ-नियामक झडप बसवा.

उष्णता साठवणारी पाण्याची टाकी पुरेशी मोठी हवी, किलोवॉटमागे निदान ५० लिटर. टाकी लहान असली की बॉयलर सारखा थांबतो आणि सुरू होतो, आणि दर वेळी नोझल तापते-थंडावते. माझ्याकडे १५०० लिटर आहेत. एकदा पेटवतो, भरणा संपेपर्यंत जळू देतो, बस.

पायरी ६: तडे आणि लेप

केसाएवढे तडे सोडून द्या. दोन-तीन मिलिमीटरहून रुंद तडा, किंवा नोझल आणि त्याच्या बैठकीमधली मोकळी जागा, मात्र भरायलाच हवी. बैठकीतून वायू गळू लागला की जाळ फटीऐवजी बाजूने उतरतो आणि खालच्या भागांना, कधी बॉयलरच्या पोलादालाही, भाजतो. यासाठी भट्टीचा रिफ्रॅक्टरी लेप घ्या, ज्यावर १२०० अंशांहून वरचे तापमान लिहिलेले असेल. भेग ब्रशने साफ करा, किंचित ओलसर करा, लेप दाबून भरा आणि निदान एक दिवस वाळू द्या. दुकानातले साधे सिमेंट इथे चालत नाही. चारशे-पाचशे अंशांच्या पुढे त्यातला चुना पाणी सोडतो, आणि थंड झाल्यावर हवेतला ओलावा पिऊन भुगा होतो.

झिजलेली कड लेपाने पुन्हा बांधायचा मोह होतो. मी एकदा केले. सुंदर दिसत होती, दहा दिवस. मग लेपाचा पापुद्रा फटीत पडला.

हे काम करताना नाकातोंडावर एफएफपी३ दर्जाचा मास्क हवा. जुन्या बॉयलरात सांध्यांना सिरॅमिक तंतूंची दोरी असते. त्या तंतूंच्या काही प्रकारांना युरोपीय संघाने कर्करोगकारक गटात टाकले आहे. कोरडे झाडू नका, ओलसर करून उचला. आणि तळघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर लेख इथे थांबवून आधी तो मागवा.

पोलादी पट्टीचे काय?

कोणाला तरी वेल्डिंग येत असते आणि कोणाला तरी सुचते की फटीच्या दोन्ही कडांना ३१० एस जातीच्या उष्णतारोधक पोलादाच्या पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे झिजेल ते पोलाद. कल्पना वाईट नाही, पण हिशेब करून पाहा. ३० सेंटिमीटरची अशी पट्टी हजार अंशांनी तापली की पाच मिलिमीटरहून अधिक वाढते. तेवढ्याच लांबीचे काँक्रीट दोनच्या आसपास. पट्टी फटीत घट्ट बसवली असेल तर ती पाचर होते आणि जे वाचवायचे तेच फोडते. शिवाय हे पोलाद अकराशे अंशांपर्यंतच टिकते, आणि नोझलच्या गळ्यात त्याहून जास्त असते. पट्टीमुळे फट अरुंद होते, झोताचा वेग वाढतो, हवेचे सगळे प्रमाण बिघडते.

नोझलच्या वरच्या पृष्ठभागावर, फटीपासून दूर, सैल ठेवलेल्या फायरक्लेच्या (भट्टीच्या विटांच्या मातीच्या) पातळ फरश्या मात्र मला पटतात. तिथे तापमान कमी असते आणि मार ओंडक्यांचा असतो. चारही बाजूंनी काही मिलिमीटर मोकळे सोडा, चिकटवू नका, आणि दुय्यम हवेचे छिद्र झाकले जात नाही ना ते पाहा. तरीही आधी निर्मात्याला विचारा. हे बॉयलर ईएन ३०३-५ या युरोपीय मानकाने प्रमाणित होतात, आणि इथे चेक प्रजासत्ताकात १ सप्टेंबर २०२४ पासून त्यातल्या पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या, श्रेणीचे जुने बॉयलर घरात चालवता येत नाहीत. दर तीन वर्षांनी तपासणीही असते. आत काय काय बसवले आहे ते तपासनिसाला दिसते.

पायरी ७: बदलायचे केव्हा आणि कसे

खालच्या राखेत काळे कोळशाचे तुकडे दिसू लागले, म्हणजे फट रुंदावून निखारे न जळता गळू लागले आहेत. त्याच लाकडावर, त्याच झडपांवर धुराचे तापमान चढते राहिले. प्लायवूडचा तुकडा फटीत खुळखुळू लागला. यांतल्या दोन गोष्टी जमल्या की नोझल बदला. तिसरीची वाट पाहू नका.

सुटा भाग उन्हाळ्यात मागवा. नोव्हेंबरात सगळ्यांनाच तो हवा असतो. मागवताना बॉयलरच्या पाटीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि वर्ष द्या. एकाच मालिकेत नोझलची लांबी वेगवेगळी असते.

जुने काढल्यावर बैठक खरवडून पार स्वच्छ करा, जुन्या दोरीचे आणि लेपाचे तुकडे राहू देऊ नका. नवे कोरडे बसवून पाहा, डुलते का ते बघा, दिशा पुस्तिकेशी ताडून घ्या, मग नवी दोरी आणि लेप. खालच्या कप्प्यातले सिरॅमिक तुकडे अगदी मागेपर्यंत सरकवा, नाहीतर झोत चुकीच्या जागी आदळतो.

नव्या काँक्रीटमध्ये ओलावा असतो. त्याला एकदम जाळ दाखवला की आतली वाफ पृष्ठभाग उडवते. लेप वाळल्यावर पहिल्या दिवशी फक्त काटक्यांचा छोटा जाळ तासभर, सुरुवातीची झडप उघडी, आणि रात्रभर थंड. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, दोन-तीन तास. तिसऱ्या दिवशी अर्धा भरणा, झडप बंद करून. चौथ्या दिवशी बॉयलर थंड असताना फटीत बॅटरी मारा, पहिले केसाएवढे तडे मोजा, फोटो काढा आणि प्लायवूडचा नवा तुकडा या नव्या फटीच्या मापाने कापा.